सरकीएवढी माणसं

नेरला एका घरी सरकीचं पोतं पोचवायला गेलो होतो. पोतं ओसरीवर टाकलं आणि नजर आत गेली. काचेच्या कपाटात विमान. रुपेरी, चार पंख्यांचं, फूटभर रुंद. घरातलं पोट्टं म्हणालं, "अमेरिकेतून आणलंय. एकास एकशे चव्वेचाळीस. जसंच्या तसं!" मी हात पुढे केला. मागून आवाज आला, "हात नको लावू रे."

हे शब्द आपल्याला नवे नाहीत. पोट्ट्यानं मात्र विमानावरचं नाव वाचून दाखवलं. एनोला गे.

दोस्तहो, हे नाव ध्यानात ठेवा. वैमानिक पॉल टिबेट्स यानं आपल्या आईचं नाव विमानावर रंगवून घेतलं. त्याच विमानातून ६ ऑगस्ट १९४५ ला सकाळी सव्वाआठला हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकला. वर्ष संपेतो सुमारे १ लाख ४० हजार माणसं मेली.

पण माझ्या डोक्यातून 'जसंच्या तसं' जाईना. काम नेटकं होतं, खोटं कशाला बोलू? वितळलेलं जस्त साच्यात दाबून भरतात, बारीक रेघसुद्धा उमटते. यंत्रावर राबणाऱ्याला असं काम आवडतंच. रात्री मात्र हिशेब मांडला. १४१ फुटांचे पंख फूटभर झाले. मग साडेपाच फुटी माणूस? अर्धा इंचही नाही. जवळपास सरकीएवढा. विमान सुमारे ३१ हजार फुटांवर होतं, म्हणजे कपाट २१५ फूट उंच पाहिजे. खाली १ लाख ४० हजार दाणे. माझ्या पाठीवरच्या पोत्यात मावले असते.

मारणारं मापात बसलं. मरणारे मापातून गळले. याला जसंच्या तसं म्हणायचं?

हे एका कपाटाचं नाही. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयानं खऱ्या विमानासोबत मेलेल्यांचीही कहाणी मांडायचं ठरवलं होतं. माजी सैनिकांच्या संघटना खवळल्या. १९९५ साली तो बेत रद्द झाला. विमानाचं धड तेवढं मांडलं.

कुणी म्हणेल, जपाननं नानकिंगला काय केलं? कत्तल केली. तीही विसरायची नाही. पण त्या सकाळी हिरोशिमात शाळेची पोरं घरं पाडायच्या कामाला जुंपली होती. नानकिंगचा हिशेब त्यांच्या नावावर कसा टाकणार? त्याच शहरात बुराकूंची, म्हणजे जपानच्या अस्पृश्यांची वस्ती होती. ते आधीच गावाबाहेरचे. वर बॉम्बचा डाग लागला.

उंचावरून माणूस दाण्याएवढाच दिसतो. त्याला ३१ हजार फूट लागत नाहीत. जातीची एक पायरी पुरते. आपले किती मेले, कुणी मोजलं?

मोजणारा एक होऊन गेला. अशोक. कलिंग जिंकून त्यानं रथाची शेखी मिरवली नाही. तेराव्या शिलालेखात आकडे कोरले. दीड लाख नेले, एक लाख मारले, त्याहून कितीतरी पट मेले. आणि पश्चात्ताप झाला हेही कोरलं. मारणाऱ्यानं स्वतः मेलेल्यांना माप दिलं. धम्माची वाट तिथनं जाते.

विमान फोडा असं मी म्हणत नाही. पोट्ट्याचा त्यात काय दोष? पण ज्याला जसंच्या तसं करायचं, त्यानं खालचंही करावं. जमत नसेल तर कपाटात मूठभर सरकी ठेवावी आणि ती कोण, हे पोराला सांगावं.

तेवढंही होत नसेल, तर जसंच्या तसं म्हणू नये.