कोणाला थांबवावे?

पूर्वीची माहिती आडातल्या पाण्यासारखी साठलेली असे. हवा तेव्हा प्रश्नाचा पोहरा सोडावा आणि उत्तर वर काढावे. आजची बरीचशी माहिती नदीसारखी वाहती आहे. शेअरबाजारातले भाव, बँकेच्या कार्डांवरचे व्यवहार क्षणोक्षणी येत असतात. येथे प्रश्नच काठावर कायमचा बसलेला असतो आणि पाणी त्याच्यासमोरून जाते. 'या कार्डाचा कोणी गैरवापर तर करीत नाही ना?' हे एकदा विचारून भागत नाही. प्रत्येक व्यवहाराला विचारावे लागते.

असे प्रश्न पुष्कळ, यंत्राचे हात मोजके, आणि नदीला पूर केव्हा येईल याचा नेम नाही. पूर आला, की आधी कोणाचे काम करावे आणि कोणाला थांबवावे? संगणकशास्त्रज्ञ याला कामांची क्रमवारी लावणे म्हणतात. मला हा नीतीचा प्रश्न वाटतो.

आधी येईल त्याचे काम आधी, हा आपला रांगेचा जुना न्याय. परंतु २००३ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या चार संशोधकांनी, ज्यांत आपले राजीव मोटवानी होते, 'चेन' नावाची वेगळी रीत मांडली. समजा, दोन चाळण्या आहेत. एकीत क्षणभरात हजारांतले नऊशे दाणे बाद होतात, दुसरीत तेवढ्याच वेळात शंभर. मग गर्दीच्या वेळी पहिली आधी चालवावी, म्हणजे ढीग झपाट्याने उतरतो आणि यंत्राची स्मृती तुडुंब भरत नाही. हिशेब चोख आहे. पण संथ चाळणीपाशी येऊन ठेपलेले दाणे तेथेच ताटकळतात. उत्तर उंबरठ्यावर येते आणि आत येत नाही. हे उणे त्या संशोधकांनीही ओळखले, आणि २००४ साली विलंबाला मर्यादा घालण्याचा विचार मांडला.

त्याच सुमारास ब्रँडाइस, ब्राउन आणि एम.आय.टी. या संस्थांनी मिळून 'ऑरोरा' उभारली. तीत कोणते उत्तर किती उशिरा आले तर त्याची किंमत किती घटते, हे माणसाने आधी सांगून ठेवायचे. ओघ बदलेल तशी यंत्राने क्रमवारी बदलावी. पूर फारच चढला, तर काही माहिती सोडूनही द्यावी.

यातले मर्म आम्हां शिक्षकांना चटकन उमगावे. झटपट शिकणाऱ्या मुलांकडे आधी वळले, तर तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा वाढतो आणि निकालाचा आकडाही चढतो. शेवटच्या बाकावरचे संथ पोर मात्र 'नंतर' या एका शब्दावर वर्ष काढते. ढीग लहान झाला, हे खरे. न्याय झाला का?

यंत्र ओघ पाहून क्रम बदलते. तो कशासाठी बदलायचा, हे त्याला माणसानेच सांगावे लागते. सगळ्यांचे एकाच वेळी होणार नाही, कोणाला तरी थांबावेच लागेल. पण ज्याला थांबवले, त्याला 'का' आणि 'केव्हापर्यंत' या दोन प्रश्नांची उत्तरे मिळालीच पाहिजेत. त्यांवाचूनची कार्यक्षमता ही नुसती आवराआवर होय.

वाचकहो, दिवाळीच्या पंगतीत सर्वांचे झाल्यावर पानावर बसणारी एक व्यक्ती बहुतेक घरांत असते. तिचे 'नंतर' कोणी ठरवले, हे यंदा तिला विचारून पाहा.