पालकत्वाची रजा नेमकी कोणाची?

अपत्यजन्मानंतर नोकरीतून मिळणाऱ्या रजेचे समर्थन दोन निरनिराळ्या आधारांवर केले जाते. बाळंतिणीच्या शरीराला विसावा हवा, हा एक; नवजात जिवाला अष्टौप्रहर कोणीतरी जवळ हवे, हा दुसरा. पहिला मानला तर रजा आईची ठरते आणि अंग सावरले की तिचे प्रयोजन संपते. दुसरा मानला तर रजा मुळात बाळाची. आईबाप तिचे फक्त विश्वस्त. कायदा, कचेरी आणि घर, तिन्ही ठिकाणी या आधारांची सरमिसळ झालेली आहे. नोकरदार जोडपी ही रजा कशी वापरतात ते पाहिले की ही सरमिसळ उघडी पडते.

धर्मशास्त्राने हा प्रश्न शुद्धाशुद्धतेच्या अंगाने सोडवला होता. मूल जन्मले की घराला सोयर येते आणि नित्याची देवकार्ये काही दिवस थांबतात. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात हे आशौच आईबापांना असल्याचे सांगून लगेच पुढे, ते एकट्या आईलाच धरावे, बाप स्नानाने शुद्ध होतो, असा निर्वाळा दिला आहे. बापाची सुटका एका आंघोळीत. आईचा काळ महाराष्ट्रातल्या घरांत पाचवी, सटवी, बारसे असे टप्पे घेत सव्वा महिन्यापर्यंत जाई. शेकशेगडी, धुरी, अळिवाचे नि डिंकाचे लाडू ही बडदास्त खरी होती, पण तिच्याबरोबर शिवाशिवही होती. विसावा मिळे तो दोषाच्या नावाखाली. आजच्या कचेरीत विटाळ कोणी मानत नाही. पण सहा महिन्यांनी परतलेल्या बाईचे काम दुसऱ्याच्या टेबलावर गेलेले असते आणि बढतीच्या यादीत तिचे नाव खाली सरकलेले असते, तेव्हा जुनी रीत पार गेली असे म्हणवत नाही.

विसाव्याला दोषापासून सोडवून हक्काच्या जागी बसवण्याचा एक मोठा प्रयत्न मुंबईत झाला. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात प्रसूतिलाभ विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले की, बाळंतपणाच्या आगेमागे आईला विश्रांती मिळण्यात राष्ट्राचे हित आहे आणि म्हणून तिचा भार बऱ्याच अंशी सरकारने सोसायला हवा. पण त्या बाईच्या श्रमावर मालकही फायदा मिळवतो, तेव्हा त्यालाही अंग काढून घेता येणार नाही. १९२९ मध्ये तो कायदा झाला. पुढे १९६१ चा केंद्रीय कायदा आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने त्यातली बारा आठवड्यांची रजा, पहिल्या दोन मुलांपुरती, सव्वीस आठवड्यांची केली. पैसे मात्र मालकाच्याच खिशातून; फक्त राज्य कामगार विमा योजनेत ते वर्गणीच्या निधीतून मिळतात. म्हणजे आंबेडकरांच्या युक्तिवादातला मालकाचा भाग कायद्यात उतरला, सरकारचा बाहेरच राहिला. नुकतेच लग्न झालेल्या मुलीला मुलाखतीत जे आडवळणी प्रश्न विचारले जातात, ते या राहिलेल्या अर्ध्या भागाचे व्याज समजावे.

या सव्वीसपैकी आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. बहुतेक जणी होता होईल तो ते घेत नाहीत. नववा महिना लागला तरी डोंबिवलीहून, विरारहून लोकल पकडून कामावर जातात, कारण आधी वाचवलेला प्रत्येक दिवस नंतर बाळाला मिळतो. शरीरासाठी दिलेला वेळ आई आपण होऊन बाळाच्या खात्यावर वळवते. मागून अर्जित रजा जोडली जाते. मग गावाहून सासू किंवा आई येते, नाहीतर पाळणाघर शोधले जाते. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या स्त्रीला २००८ पासून आणखी ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत कधीही घेण्याजोगी. तिच्यातले दिवस दहावी-बारावीसाठी राखून ठेवणाऱ्या आया थोड्या नाहीत. मुलाचे शिक्षण हे कारण नियमातच लिहिलेले आहे, त्यामुळे यात गैर काही नाही. मात्र आईची गरज रांगत्या वयात जास्त की गणिताच्या पेपराच्या आदल्या रात्री, हे मुलाला कोणी विचारलेले नसते.

बापाची गोष्ट लवकर आटोपते. केंद्राच्या नियमांत त्याला पंधरा दिवस आहेत. प्रसूतीनंतर सहा महिन्यांत घेतले नाहीत तर ते बुडतात. खासगी नोकरीत तेवढेही देण्याची कायद्याने सक्ती नाही. पहिले बाळंतपण माहेरी होण्याची पद्धत असल्याने हे दिवस दवाखान्याचे बिल, जन्मदाखला आणि बारशाची धावपळ यांत संपतात. बाळाला हातात घेण्यापेक्षा बाळाभोवतीच्या व्यवस्थेतच ते जास्त जातात. मनूची आंघोळ पंधरा दिवसांची झाली, इतकेच.

जर्मन तत्त्वज्ञ हान्स योनास यांनी १९७९ च्या ग्रंथात नवजात बालकाला जबाबदारीचे मूळ उदाहरण मानले: कोणताही करार होण्याआधी, केवळ त्याच्या असण्यानेच, जवळच्या माणसावर कर्तव्य येऊन पडते. असे असेल तर ही हाक एका विशिष्ट शरीराला उद्देशून नाही. अमेरिकी विचारवंत एव्हा किटे यांनी त्यात महत्त्वाची भर घातली. परावलंबी जिवाला सांभाळणारे माणूस त्या काळापुरते स्वतःच परावलंबी होते. त्याला सांभाळणारे तिसरे कोणीतरी लागते. मराठी घरांत हे काम माहेराने केले. आता माहेरची आजीही नोकरीत असते, तेव्हा ते बापाकडे आणि त्यामागून समाजाकडे येते.

शरीराचा आधार किती अपुरा आहे हे दत्तक मुलाच्या बाबतीत सर्वांत स्पष्ट दिसते. २०१७ च्या दुरुस्तीने दत्तक आईला बारा आठवडे दिले, पण मूल तीन महिन्यांच्या आतले हवे, ही अट घातली. टाकून दिलेले बालक दत्तक देण्यास कायदेशीरदृष्ट्या मोकळे ठरवण्याची प्रक्रियाच दोन महिन्यांपर्यंत चालू शकते. त्यापुढे पालक निवडणे आणि कागदपत्रे. घरी येईपर्यंत बाळ तीन महिन्यांचे होऊन गेले असण्याचीच शक्यता जास्त. शिवाय मोठ्या वयात, अनोळखी घरात आलेल्या मुलाला सहवासाची गरज कमी नसते. कायदा लिहिणाऱ्यांच्या मनात बाळंतपण होते, संगोपन नव्हते.

मूल नसलेला सहकारी एक रास्त प्रश्न विचारतो: दुसऱ्यांच्या मुलांचा भार त्याने का वाहावा? तैत्तिरीय संहितेतल्या तीन ऋणांच्या कल्पनेत याचे उत्तर सापडू शकते. पितरांचे ऋण पितरांना परत करायचे नसते. ते पुढच्या पिढीकडे फेडायचे असते. तो सहकारीही कोणाच्या तरी झोपमोडीवर वाढला आहे. परंपरेने मात्र हे ऋण संतती जन्माला घातल्याने फिटते असे मानले, वाढवल्याने नव्हे. बापाला आंघोळीत मोकळे करणाऱ्या शास्त्राकडून दुसरी अपेक्षाही नव्हती.

स्वीडनने १९७४ मध्ये मातृत्व रजेच्या जागी आई आणि बाप दोघांसाठी एकच रजा आणली. तिचा मोबदला सामाजिक विम्यातून मिळतो. वाटणी जोडप्यावर सोपवली, आणि बापांनी आपले बहुतेक सगळे दिवस आईच्या नावे केले. १९९५ मध्ये प्रत्येकाचा एक महिना राखीव झाला, घेतला नाही तर बुडणारा. २०१६ पासून ४८० पैकी नव्वद-नव्वद दिवस असे राखीव आहेत. बाप आज सुमारे तीस टक्के दिवस घेतात. ही घरच्या निर्णयात ढवळाढवळ आहे, हा आक्षेप तिथेही झाला. रजा जोडप्याची मालमत्ता असेल तर तो बरोबर आहे. ती बाळाची असेल, तर विश्वस्ताने आपली जबाबदारी परस्पर दुसऱ्याच्या गळ्यात टाकण्याला स्वातंत्र्य म्हणता येत नाही. २०२४ पासून मात्र पालकांना काही दिवस आजी-आजोबांना किंवा इतरांना देता येतात. मराठी घरात जे बिनपगारी चालत आले, त्याला तिथे पगार मिळाला.

ही सगळी चर्चा ज्याला मालक आहे अशा माणसापुरती. दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडीला निघणारी नवरा-बायकोची जोडी मुकादमाच्या वहीत एक कोयता म्हणून लिहिली जाते. साखर कारखाना तिला आपले कामगार मानत नाही, मुकादम स्वतःला मालक मानत नाही. म्हणून सव्वीस आठवडे तिथे पोचत नाहीत. उचल आधीच घेतलेली असते आणि खाड्याचे पैसे कापले जातात. त्यामुळे बाई बाळंत झाली की थोड्याच दिवसांत झोळीतल्या बाळासह फडात येते. ती आली नाही तर कोयता अर्धा चालतो आणि दोघांचीही उचल फिटायची राहते. आईची रजा आणि बापाची रजा हे दोन वेगळे प्रश्न आहेत, असे तिथे कोणी म्हणू शकत नाही.