बहिणीची सही

आमच्या लातूर भागात पोरगं दहावी झालं की त्याला शहरात ठेवायची रीतच पडलीय. लातूर पॅटर्नचं नाव झालं तशी खेड्यापाड्यातली लेकरं शिकवणीला तिकडं गेली. आधी किरायाची खोली, मग डबा करायला माय जाते, मग किराया भरण्यापेक्षा आपलाच एक फ्लॅट का नको, असं बोलणं निघतं. त्यात वावगं काही नाही. तिथं दवाखाना जवळ, शाळा जवळ. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तरी लोकांचं जाणं थांबलं नाही.

माझा प्रश्न घराचा नाही, घर कशातून होतं त्याचा आहे. नोकरदार कर्ज काढतो. शेतकऱ्याला वावर विकावं लागतं. साडेसहाशे फुटांचा फ्लॅट धरा. गुंठा असतो १०८९ फुटांचा. म्हणजे घर गुंठाभरही नाही, आणि त्यापायी एकर, दोन एकर जातं.

वावर विकायचं ठरलं की बहिणीला सांगावा जातो. पुरणपोळी होते, साडीचोळी होते आणि दुसऱ्या दिवशी रजिस्ट्री ऑफिसात हक्कसोडपत्रावर तिची सही. महाराष्ट्रानं १९९४ साली आणि साऱ्या देशानं २००५ साली वडिलोपार्जित जमिनीत लेकीला लेकाएवढा हक्क दिला. कायदा गावात आला, पण सहीच्या वाटेनं परत गेला. गंमत अशी की २०२१ पासून घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते. म्हणून फ्लॅटला बायकोचं नाव लागतं, आणि त्याच फ्लॅटसाठी सातबाऱ्यावरून बहिणीचं नाव निघतं.

लोक म्हणतात, तिच्या लग्नात खर्च केला की. तो खर्च आपल्या इज्जतीसाठी होता. पंगती उठल्या, तिच्या पदरात काय पडलं? कुणी म्हणतं, शहरात घर झालं तर तिलाच माहेर होईल. पण माहेरपण भावाच्या आणि भावजयीच्या मर्जीवर असतं. वाटा कुणाच्या मर्जीवर नसतो.

आणि तिनं खुशीनं सोडला तर? बहुतेक बहिणी म्हणतात तसंच, मला काय करायचंय, माझा भाऊ सुखी राहू दे. त्यांची माया खोटी नाही. पण खुशी तपासायची एक रीत आहे. ती नाही म्हणाली असती, तरी भाऊबीजेला दार तसंच उघडं राहिलं असतं का? ज्याला छातीवर हात ठेवून हो म्हणता येईल, त्यानं सही घ्यावी.

१९९३ साली ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी, सास्तूरकडं भूकंप झाला. दगडमातीच्या रुंद भिंतींखाली घरंच्या घरं गेली. तव्हा सासरी गेलेल्या लेकी धावत आल्या अन् ढिगाऱ्यापाशी बसून राहिल्या. तुमचा इथं काय वाटा, असं त्यांना कुणी विचारलं नाही. दुःखात वाटा आणि वावरात नाही, हा कसला न्याय?

आमच्या घरी हा विषय निघाला तव्हा पोरगा म्हणाला, "अण्णा, ताई कधी मागणार आहे का?" मी म्हणालो, "मागत नाही म्हणूनच आधी तिचा वाटा मोजून काढ. उरल त्यात बसंल तेवढं घर घे."

त्यानं तसं केलं, वरचं कर्ज काढलं. लेकीनं तिचं वावर विकलं नाही, भावालाच बटईनं लावलं. फ्लॅटला मात्र एक खोली कमी आली. पाहुणे आले की पोरगा हॉलमध्ये झोपतो अन् सून अजून कुरकुरते. तिचं म्हणणं खरं आहे, अडचण होते. पण ती खोली आमची नव्हतीच.