मोकळेपणानं बोला, असं कोण कुणाला सांगतंय?

मोठ्या आयटी कंपनीत काम करणाऱ्या कुणालाही हा मेल ओळखीचा असेल. वर्षातून एकदा, साधारण अप्रेझलच्या आगेमागे येतो. तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे, सर्व्हे पूर्णपणे निनावी आहे, मोकळेपणानं उत्तरं द्या. खाली लिंक. लिंक उघडली की चाळीसेक विधानं आणि प्रत्येकापुढे पाच गोल, 'अजिबात सहमत नाही'पासून 'पूर्णपणे सहमत'पर्यंत.

त्यातलं एक विधान हमखास असतं: 'या कंपनीत मला न घाबरता बोलता येतं.' याच्याकडे जरा थांबून बघा. ज्याला खरंच न घाबरता बोलता येतं, तो 'सहमत'वर क्लिक करणार. ज्याला भीती वाटते, तोही 'सहमत'वरच क्लिक करणार, कारण त्याला भीती वाटते. म्हणजे उत्तर 'हो' आलं, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. थर्मामीटर तापाला घाबरून नेहमी ९८.६च दाखवायला लागला, तर जे होईल तेच इथे होतं. तरीही हा आकडा वरच्या मीटिंगमध्ये स्लाइडवर येतो, आणि गेल्या वर्षीपेक्षा तो दोन टक्क्यांनी वाढला म्हणून टाळ्याही पडतात.

मला यातला नैतिक प्रश्न महत्त्वाचा वाटतो. भीतीपोटी 'सहमत' म्हणणारा माणूस खोटं बोलतोय का? आणि बोलत असेल, तर त्या खोट्याचा हिशोब कुणाच्या खात्यावर मांडायचा?

आधी ती भीती खरी आहे की नुसता संशय, ते बघू. एचआरकडून सांगितलं जातं की ठरावीक संख्येपेक्षा, समजा पाचापेक्षा, कमी लोकांचा निकाल कुणालाच दाखवला जात नाही. ऐकायला सुरक्षित वाटतं. आता गणित करा. टीममध्ये अकरा जण आहेत, दहा पुण्यात आणि एक बंगळुरूत. पूर्ण टीमची सरासरी ४.०, म्हणजे बेरीज ४४. फिल्टर लावून फक्त पुण्याची सरासरी काढली, ती ४.३, म्हणजे बेरीज ४३. उरला १. बंगळुरूतल्या एकट्या माणसानं 'अजिबात सहमत नाही' म्हटलंय, हे दोन वजाबाक्यांत कळलं. दोन्ही गट पाचापेक्षा मोठे होते, नियम कुठेच मोडला नाही. नीट बनवलेल्या सर्व्हेत याचा बंदोबस्त केलेला असतो. पण तो केलाय की नाही, हे उत्तर देणाऱ्याला त्याच्या बाजूनं दिसत नाही.

हा धोका कागदी नाही. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं सरकारी कर्मचाऱ्यांच्या उपचारांची माहिती नावं काढून संशोधनासाठी खुली केली. लतान्या स्वीनी तेव्हा एमआयटीत शिकत होती. तिनं केंब्रिज शहराची मतदार यादी वीस डॉलरला विकत घेतली आणि पिन कोड, जन्मतारीख, लिंग या तीन गोष्टी जुळवून खुद्द गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची नोंद शोधून काढली. पुढे २००० साली तिनं दाखवलं की अमेरिकेतल्या सुमारे ८७ टक्के लोकांना या तीनच गोष्टींवरून एकमेवपणे ओळखता येऊ शकतं. आपल्या सर्व्हेत वयोगट, ऑफिस, किती वर्षं कंपनीत आहात, कुठल्या लेव्हलला आहात, हे सगळं असतं. शिवाय शेवटी कॉमेंटचा बॉक्स असतो, आणि सात जणांच्या टीममध्ये कोण कसं इंग्रजी लिहितं हे मॅनेजरला पाठ असतं.

तर भीतीला आधार आहे. पण समजा, तंत्रज्ञानानं ही भीती घालवता आली तर? तसा एक सुंदर उपाय १९६५ पासून उपलब्ध आहे. स्टॅन्ली वॉर्नर या संख्याशास्त्रज्ञाच्या कल्पनेवरून आलेला. त्याचं सोपं रूप असं: उत्तर देण्याआधी गुपचूप नाणं उडवायचं. छापा आला तर खरं उत्तर द्यायचं. काटा आला तर पुन्हा नाणं उडवायचं आणि ते सांगेल तसं 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं. आता तुमच्या 'नाही'वर बोट ठेवून कुणी जाब विचारला, तर 'नाण्यानं सांगितलं' म्हणायची सोय आहे. आणि हजारो लोकांची उत्तरं एकत्र केली, की नाण्याचा वाटा वजा करून खरा आकडा काढता येतो. एकेकाचं झाकलेलं राहतं आणि सगळ्यांचं मिळून उघड होतं.

मला हा उपाय फार आवडतो, पण माझ्या मते तो आपला प्रश्न अर्धाच सोडवतो. निनावीपणाचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे गुप्त मतदान. १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी होती आणि मतदार आडोशाला जाऊन आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकत होता. गावातल्या बड्या माणसाला तो कुणाच्या बाजूनं गेला हे कळायचं कारण नव्हतं. पण त्या गुप्ततेला वजन होतं, कारण निकाल बंधनकारक होता. पेट्यांतून जे निघेल ते बड्या माणसालाही मान्य करावं लागणार होतं. कंपनीच्या सर्व्हेत गुप्ततेचं वचन आहे, पण निकालाचं बंधन कुणावरच नाही. उत्तर दिल्यानं काही बदलणार नसेल आणि ओळख पटण्याचा धोका मात्र थोडाफार असेल, तर गप्प बसणारा माणूस भित्रा म्हणता येत नाही. त्यानं फक्त नफा-तोटा पाहिला.

इथे कांट आठवतो. खोटं कधीच बोलू नये, मित्राच्या मागावर आलेला खुनी दारात उभा असला तरीही नाही, असं त्यानं १७९७ सालच्या निबंधात लिहिलं, आणि त्यासाठी तो बदनामही झाला. पण त्याच कांटनं एक फरक केला होता. मनातलं सगळं सांगण्याचं कर्तव्य आपल्यावर नाही. जे सांगू ते खरं असलं पाहिजे, एवढंच. म्हणजे गप्प राहणं आणि खोटं बोलणं यांत त्याच्यासाठी अंतर होतं.

सर्व्हे नेमकं हेच अंतर पुसून टाकतो. प्रत्येक प्रश्नापुढे लाल चांदणी असते, उत्तर दिल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. 'सांगायचं नाही' असा सहावा गोल नसतो. फॉर्म भरला नाही तर दर दोन दिवसांनी आठवणीचा मेल येतो, मग टीमच्या ग्रुपवर 'आपले अजून दोन जण बाकी आहेत' असा मेसेज. (निनावी सर्व्हेत बाकी किती हे कसं कळतं, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.) गप्प राहायचा हक्क काढून घेतला, की घाबरलेल्या माणसापुढे खोटं बोलणं एवढाच रस्ता उरतो. त्यामुळे माझ्या हिशोबात या खोट्याचा मोठा वाटा फॉर्म बनवणाऱ्याच्या खात्यावर जातो. ज्यानं मौनाची वाट बंद केली, त्यानं खोट्याची तक्रार करू नये.

मॅनेजरवर सगळं ढकलून मोकळं होणं मात्र सोपं आहे आणि चूकही. मी एका टीममध्ये असताना सर्व्हेच्या आदल्या दिवशी आमचा मॅनेजर म्हणाला होता, "काही अडचण असेल तर मला येऊन सांगा ना, सर्व्हेत कशाला लिहिता?" माणूस वाईट नव्हता. रिलीजच्या रात्री आमच्यासोबत पहाटेपर्यंत बसणारा होता. पण त्याच्या वर्षाच्या उद्दिष्टांमध्ये आमच्या सर्व्हेचा स्कोअर होता. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावानं १९७५ पासून एक नियम ओळखला जातो: मोजमापालाच उद्दिष्ट बनवलं, की ते मोजमाप म्हणून निकामी होतं. आमचा मॅनेजर त्या नियमाचा बळी होता. त्याला वरून भीती होती, आम्हाला त्याची. एकच भीती पायरी-पायरीनं खाली येत होती, आणि चांगली बातमी त्याच पायऱ्यांनी वर जात होती.

यात कुणाचं काय बिघडतं, असं वाटू शकतं. चार आकडे खोटे, एक स्लाइड खोटी. पण ज्या नळातून टीमच्या वैतागाची खबर वर जाते, त्याच नळातून धोक्याचीही खबर जायची असते. चॅलेंजर यानाचं प्रकरण इंजिनिअरिंगच्या मुलांना कधी ना कधी शिकवतात, पण त्यातला 'ओ-रिंग' तेवढा लक्षात राहतो. रॉकेट बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीतल्या रॉजर बॉइजोली या इंजिनिअरनं जुलै १९८५ मध्येच वरिष्ठांना मेमो लिहून कळवलं होतं की या रबरी रिंगांमुळे जीवघेणा अपघात होऊ शकतो. उड्डाणाच्या आदल्या रात्री, २७ जानेवारी १९८६ला, फोनवरच्या बैठकीत इंजिनिअरांनी सांगितलं की एवढ्या थंडीत यान सोडू नका. नासाच्या बाजूनं नाराजी व्यक्त झाली. कंपनीनं थोडा वेळ मागून घेतला, आणि त्या वेळात इंजिनिअरिंगच्या प्रमुखाला वरिष्ठांनी इंजिनिअरची टोपी काढून मॅनेजमेंटची टोपी घालायला सांगितलं. शिफारस उलटली. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत सात जण गेले. चौकशीत उघड झालं की उड्डाणाचा अंतिम निर्णय घेणाऱ्या नासाच्या अधिकाऱ्यांपर्यंत इंजिनिअरांचा हा विरोध पोचलाच नव्हता.

बॉइजोली गप्प बसला नव्हता. तो लेखी बोलला, बैठकीत बोलला, नंतर चौकशी आयोगापुढेही बोलला, आणि त्यानंतर कंपनीत तो एकटा पडला. 'लोक बोलत का नाहीत' या प्रश्नाचं उत्तर अनेकदा 'आधी बोललेल्याचं काय झालं ते त्यांनी पाहिलंय' हेच असतं. अविश्वास हा कर्मचाऱ्यांचा स्वभावदोष नसतो, तो त्यांचा अनुभव असतो.

मग सक्तीनं मोकळेपणा आणता येईल? श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी घरी ऐकली असेल. राजाच्या मनात आलं, महादेवाचा गाभारा दुधानं भरायचा. दवंडी पिटवली, गावातलं सगळं दूध देवळात आणा. लोकांनी राजाच्या धाकानं घरातली मुलं आणि गोठ्यातली वासरं उपाशी ठेवून सगळं दूध नेऊन ओतलं. गाभारा काही भरेना. मग एक म्हातारी आली. तिनं आधी घरच्यांना जेवू घातलं, लेकरांना दूध दिलं, वासरांना पाजलं आणि उरलेलं खुलभर दूध आणून वाहिलं. गाभारा भरला. शंभर टक्के प्रतिसादाचं टार्गेट ठेवणाऱ्या कुठल्याही एचआर विभागानं ही कहाणी वाचावी. धाकानं आलेल्या हंडाभर दुधापेक्षा मनानं आलेलं खुलभर दूध जास्त असतं, एवढं त्या कहाणीला ठाऊक आहे. आणि आधी घरातली भूक भागली पाहिजे, हेही.

कंपनीत 'आधी भूक भागवणं' म्हणजे काय? माझ्या मते दोन साध्या गोष्टी. नवा सर्व्हे पाठवण्याआधी मागच्या सर्व्हेत लोक काय म्हणाले, त्यातलं काय केलं आणि काय करणार नाही, हे कारणासकट सांगणं. 'हे आम्ही करणार नाही' हे वाक्यसुद्धा चालेल, ते निदान खरं असेल. आणि ज्यानं वाईट बातमी आणली, त्याला पुढच्या अप्रेझलमध्ये सगळ्यांना दिसेल असं सुरक्षित ठेवणं. जोखमीचा पहिला हप्ता ज्याच्याकडे ताकद जास्त आहे त्यानं भरायचा असतो. ज्याला तीन महिन्यांचा नोटीस पीरियड, रिलिव्हिंग लेटर आणि फ्लॅटचा हप्ता दिसतोय, त्याच्याकडे धैर्याची मागणी आधी करणं अन्यायाचं आहे.

याचा अर्थ आपण सुटलो, असा नाही. माझ्या समाधानाबद्दलचा प्रश्न असेल, तर गप्प राहायचा मला पूर्ण हक्क आहे, आणि फॉर्मनं तो नाकारला तर मधला गोल आहेच. 'सहमतही नाही, असहमतही नाही' हा घाबरलेल्या माणसाचा त्यातल्या त्यात प्रामाणिक पर्याय. पण जिथे नुकसान खोलीत नसलेल्या तिसऱ्याच माणसाचं होणार आहे, तिथे हिशोब बदलतो. चाचणी न करता 'पास' लिहिलेला रिपोर्ट, ग्राहकांची माहिती उघडी पडेल असं राहिलेलं भगदाड, दवाखान्यात किंवा बँकेत चालणाऱ्या सॉफ्टवेअरमधला माहीत असलेला दोष, यांच्यापुढे माझी भीती खरी असली तरी ती पुरेसं कारण ठरत नाही. मॅनेजमेंटवर विश्वास नाही, हे त्या तिसऱ्या माणसाला सांगून काय उपयोग? त्याचा विश्वास आपल्यावर होता, आणि आपण कुठल्या लेव्हलला आहोत हे त्याला माहीतही नसतं. अशा वेळी एकट्यानं हुतात्मा व्हायची गरज नाही. दोघांनी मिळून लिहा, लेखी लिहा, तारीख टाका, शक्य तितकं कोरडं आणि नेमकं लिहा. भीती वाटली तरी लिहा.