पोथी आणि वहिवाट

इ.स. १०३०च्या सुमारास अल्-बिरूनीने हिंदुस्थानावरचा आपला अरबी ग्रंथ पुरा केला. महमूद गझनीच्या स्वाऱ्यांच्या जखमा ताज्या होत्या आणि हा विद्वान त्याच दरबाराशी बांधलेला होता. तरीही तो संस्कृत शिकला, पंडितांना प्रश्न विचारत बसला, पतंजलीचा योगविचार त्याने अरबीत नेला. परक्याने इतक्या सचोटीने हा धर्म समजून घेतल्याची उदाहरणे थोडीच आहेत. मात्र जाता जाता त्याने एक फाळणी करून ठेवली. शिकलेले हिंदू एकच, निराकार ईश्वर मानतात आणि मूर्तिपूजा ही अडाण्यांची सोय आहे, असे त्याने लिहिले. ग्रीकांतही हेच होते, अशी पुस्ती जोडली. ही फाळणी त्याच्या मागून आलेल्या बहुतेकांनी उचलली. पोथीत आहे तो खरा धर्म आणि लोक करतात तो त्याचा बिघाड, असे गृहीतच धरले गेले. परक्यांनी लावलेल्या अर्थांबद्दल आपल्याकडे चिडून बोलण्याची रीत आहे आणि चिडण्याजोगे त्यात पुष्कळ आहेही. पण द्वेष हे कारण फार थोड्या ठिकाणी पुरते. खरी गोम आहे ती पुरावा कोणता मानायचा या निवडीत. पोथी हाच पुरावा मानला की हिंदू धर्म एका तऱ्हेचा दिसतो, वहिवाट मानली की दुसऱ्याच. माझ्या मते तो या दोहोंमध्ये शतकानुशतके चाललेल्या घासाघिशीत सापडतो, आणि नेमकी तीच बघायला सवड फार थोड्यांनी काढली.

हिंदू धर्म सुरू कधी झाला, हा प्रश्नसुद्धा पोथीकडून येणाऱ्याला आधी सुचतो. संस्थापक कोण, ग्रंथ कोणता, साल काय. जॉन मार्शल यांनी १९३१ साली मोहेंजोदडोच्या एका मुद्रेवरील आसनस्थ आकृतीत शिवाचे पूर्वरूप पाहिले. त्यावरचा वाद अजून चालू आहे, कारण मुद्रेवरची लिपी सर्वमान्य होईल अशी कोणालाच वाचता आलेली नाही. ऋग्वेदापासून मोजावे, तर तिथली जवळजवळ पाव सूक्ते इंद्राची आहेत आणि आज इंद्र हे आमचे कुलदैवत, असे सांगणारे घर शोधून सापडायचे नाही. विष्णू आणि रुद्र यांच्या वाट्याला तिथे मोजकीच सूक्ते आली, पण पुढचे सारे वैभव त्यांच्याकडे गेले. विठोबा-खंडोबांचे तर वेदांत नावही नाही. याचा अर्थ वेद सुटले, असाही होत नाही. घरात षोडशोपचार पूजा चालते तेव्हा पुरुषसूक्ताच्या सोळा ऋचा सोळा उपचारांना वाटून दिलेल्या असतात. आवाहनाला एक, आसनाला एक, स्नानाला एक. ज्या काळाला देवघर आणि पितळेची मूर्ती ठाऊक नव्हती, त्या काळाची ही ऋचा आज मूर्तीवर पाणी घालताना म्हटली जाते. उगम एका ठिकाणी बोट ठेवून दाखवण्याचा हट्ट धरला, तर या पूजेतले निम्मे काहीतरी परके ठरवावे लागेल. पूजा करणाऱ्याला मात्र त्यात सांधा दिसत नाही.

पोथीला राजमान्यता मिळाली ती कारभाराच्या निकडीतून. १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जने बंगालसाठी न्यायव्यवस्था आखली, तेव्हा वारसा, विवाह, जात आणि धर्माचार यांबाबत मुसलमानांना कुराणाचा आणि हिंदूंना शास्त्राचा कायदा लावावा, असे ठरले. हेतू वाईट नव्हता. रयतेला तिचाच कायदा द्यावा, हा होता. मग शास्त्र हवे म्हणून अकरा पंडितांकडून एक संग्रह करवून घेतला, त्याचे फारसी झाले आणि फारसीवरून हॅलहेडने केलेले इंग्रजी १७७६ साली छापले गेले. या दुहेरी गाळणीवर विल्यम जोन्सचा विश्वास बसेना. तो स्वतः संस्कृत शिकला आणि १७९४ साली त्याने केलेले मनुस्मृतीचे भाषांतर बाहेर आले. आता न्यायाधीशाच्या मेजावर ठेवता येईल असा हिंदू धर्म तयार झाला. मुंबई इलाख्यात मात्र वेगळे घडले. एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत आर्थर स्टील या अधिकाऱ्याने दख्खनेतल्या जातींच्या चालीरीती विचारून विचारून गोळा केल्या. पाट कोणात लागतो, काडीमोड कोणात चालते, पंच काय ठरवतात, अशा गोष्टींनी भरलेले त्याचे पुस्तक १८२७ साली निघाले. त्याच वर्षीच्या मुंबईच्या चौथ्या रेग्युलेशनने सरकारी कायद्यांच्या खालोखाल देशाच्या वहिवाटीला स्थान दिले. वहिवाट नसेल तेव्हाच प्रतिवादीचा धर्मशास्त्रीय कायदा पाहायचा. एकाच कंपनी सरकारच्या दोन इलाख्यांत, पन्नासपंचावन्न वर्षांच्या अंतराने, हिंदू धर्म कुठे शोधायचा याची दोन उत्तरे दिली गेली. आपल्याकडे यावर अधिक लिहिले जायला हवे होते.

तरीही सरशी झाली ती बंगालच्या उत्तराची. प्रिव्ही कौन्सिलने १८६८ साली मद्रासकडच्या एका दत्तकाच्या खटल्यात, वहिवाट स्पष्ट सिद्ध झाली तर ती लेखी वचनाहून वरचढ, असे सांगितले खरे. पण अडचण त्या सिद्ध होण्यातच होती. वहिवाटीला साक्षीदार आणावे लागत, ती जुनी, निश्चित आणि अखंड आहे हे दाखवावे लागे. पोथीला फक्त पान उघडावे लागे. कोर्टाबाहेरही हेच झाले. हिंदुस्थानात एकदाही पाऊल न ठेवलेल्या मॅक्स म्युलरने ऋग्वेद संपादित केला आणि पौर्वात्य धर्मग्रंथांची पन्नास खंडांची माला उभी केली. ते काम डोंगराएवढे आहे, पण त्यातून असाही समज पसरला की वेदकाळ हे सोने आणि पुढचा सगळा गंज. हा समज आपल्या सुधारकांनाही सोयीचा वाटला. १८७५ साली मुंबईत स्थापन झालेल्या आर्य समाजाने मूर्तिपूजेवर वेदांच्याच नावाने हल्ला केला. उलट बाजूने मिशनऱ्यांतही अपवाद निघाले. तरंगमबाडीच्या झिगेनबाल्गने तमिळ लोकांना पत्रांतून प्रश्न विचारले आणि १७१३ साली दक्षिणेतल्या देवदेवतांची वंशावळ लिहून जर्मनीला धाडली. ग्रामदेवता, त्यांची ठाणी, त्यांचे नैवेद्य, सारे त्यात होते. वरिष्ठांनी ती छापायला नकार दिला. पाखंड बुडवायला पाठवले होते, त्याचा प्रसार करायला नाही, असे त्यांचे म्हणणे. ते पुस्तक दीडशे वर्षांनी छापले गेले, तोवर पोथीवाल्यांचा जम बसून गेला होता.

या इतिहासावरून काही अभ्यासक अशी उडी मारतात की, हिंदू धर्म हीच मुळी एकोणिसाव्या शतकातली इंग्रजांची निर्मिती. त्याआधी होते ते फक्त पंथ आणि जाती. कायद्याचा साचा त्या काळात घडला, हे मी वर मांडलेच आहे. साचा घडला म्हणून आतला ऐवजही तेव्हाच जन्मला, हे मात्र पटत नाही. आपल्याच घरातला पुरावा त्याच्या आड येतो. सोळाव्या शतकातल्या एकनाथांनी हिंदू आणि तुर्क यांचा संवाद लिहिला आहे. त्यातला तुर्क पुराणकथांतल्या देवांच्या वागण्यावरून टोमणे मारतो, जेवताना पाळल्या जाणाऱ्या विटाळाची थट्टा करतो. हिंदू त्याला उत्तर देतो, उलट चिमटे काढतो आणि भांडण अखेरीस मिठीवर संपते. इथे 'हिंदू' म्हणवणारा एक पक्ष आहे, त्याला आपल्या कथा आपल्या वाटतात आणि त्यांची जबाबदारीही तो घेतो. विशेष हे की, परक्याला आपण कसे दिसतो हे एकनाथ कलेक्टर येण्याच्या दोन शतके आधी स्वतःच लिहून दाखवतात. त्यांच्या तुर्काला पुराणही ठाऊक आहे आणि स्वयंपाकघरही.

घासाघीस म्हणतो ती जवळून पाहायची तर जेजुरीसारखी जागा नाही. संस्कृत मल्हारी माहात्म्यात इथला खंडोबा मार्तंडभैरव आहे, मणी आणि मल्ल या दैत्यांना मारणारा शिवाचा अवतार. धनगरांच्या ओव्यांत आणि वाघ्यामुरळींच्या जागरणात तो घरदार विसरून बाणाईच्या वाड्यावर मेंढरे राखायला जाणारा नवरा आहे. म्हाळसा लिंगायत वाण्याची, बाणाई धनगराची. दोघी एकाच देवाच्या, पण म्हाळसा वर गाभाऱ्यात आणि बाणाईचे ठाणे गड चढताना अर्ध्या वाटेवर. चंपाषष्ठीला चातुर्मासात सोडलेले वांगे-कांदे पुन्हा ताटात येतात, भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो आणि तळी उचलली जाते. ताम्हनात विड्याची पाने, सुपारी, खोबरे, भंडारा. पाच जणांनी धरून येळकोटाचा गजर करायचा. ही तळी देशस्थ ब्राह्मणाच्या माजघरातही उचलतात आणि धनगराच्या वाड्यावरही. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने सुरुवात एकत्र कुटुंबाच्या हिंदू कायद्यापासून केली होती, पोथीचा माणूस. तो पुढे धनगरांमागे हिंडला, बिरोबा, म्हसकोबा, खंडोबा यांवर त्याने लिहिले आणि १९८९ साली हिंदू धर्माचे पाच घटक मांडले. ब्राह्मणी शास्त्र, संन्यास, आदिवासी धर्म, लोकधर्म आणि भक्ती. पाचांपैकी एकच खरा आणि बाकीचे त्याचे पडसाद, असे त्याने म्हटले नाही. रा. चिं. ढेरे यांनी विठ्ठलाला महासमन्वय म्हटले, तेही अशाच वाटेवरून. मला 'समन्वय' थोडा गुळमुळीत वाटतो. अर्ध्या गडावर थांबवलेल्या बाणाईला तो कितपत पटेल, कोण जाणे.

कारण इथेच सगळ्यात जड आक्षेप उभा राहतो. वहिवाटीचे कौतुक करणाऱ्यांना जात दिसत नाही, असा तो आक्षेप. १९११च्या जनगणनेत हिंदू म्हणून मोजलेल्यांना ब्राह्मणांचे श्रेष्ठत्व, वेदप्रामाण्य, गुरुमंत्र, देवळात प्रवेश अशा कसोट्या लावल्या गेल्या. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात पाव लोक वेदप्रामाण्य मानत नव्हते, निम्म्याहून अधिक लोकांना गुरुमंत्र नव्हता आणि एक तृतीयांश लोकांना देवळात मज्जाव होता. या मोजणीमागे राजकारण होते, यात शंका नाही. पण शेवटचा आकडा इंग्रजांनी घडवलेला नव्हता. आंबेडकरांनी १९३६ साली, लाहोरला होऊ न दिलेल्या भाषणात पोथी आणि वहिवाट ही फाळणीच नाकारली. लोक जात पाळतात ते धर्मनिष्ठ आहेत म्हणून, तेव्हा गाठ शास्त्रप्रामाण्याशी आहे, असे त्यांचे म्हणणे. जोन्सने मनूला इंग्रजी कोर्टात बसवले हे खरे, पण मेधातिथी आणि कुल्लूक यांनी मनूवर भाष्ये लिहिली ती काही जोन्सला विचारून नव्हे. म्हणून माझा मुद्दा मागे घ्यावा लागतो, असे मला वाटत नाही. तो कडू होतो एवढेच. घासाघीस बरोबरीच्या माणसांत नव्हती. चोखोबांचे अभंग पंढरीच्या वाटेवर सगळ्यांनी गायिले आणि देऊळ त्यांच्या जातीला उघडायला १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले.

व्याख्येचा उपयोगही मग दोन्हीकडून झाला. स्वामिनारायण पंथाच्या अनुयायांनी आपण हिंदू नाही, सबब मंदिरप्रवेशाचा कायदा आपल्याला लागू नाही, असा दावा केला, तेव्हा १९६६ साली सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी टिळकांच्या व्याख्येचा आधार घेतला. वेदांविषयी प्रामाण्यबुद्धी, साधने अनेक, उपास्याचा नियम नाही. दलितांना देवळाबाहेर ठेवण्यासाठी नाकारलेले हिंदुत्व कोर्टाने परत गळ्यात घातले. त्याच कसोटीने वऱ्हाडातल्या त्या पाव लोकांचे काय झाले असते, हे विचारायची वेळ त्या खटल्यात आली नाही. संसदेने १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात या फंदात न पडता सरळ वगळून मोजले. बौद्ध, जैन, शीख धरून, जो मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी किंवा ज्यू नाही तो या कायद्यापुरता हिंदू. सप्तपदी लागू कुणाला, तर ज्यांच्या रीतीत ती आहे त्यांनाच. आणि घटस्फोटाची कलमे सविस्तर लिहून झाल्यावर कलम २९ मध्ये म्हटले आहे की, रूढीने मिळालेला काडीमोडीचा हक्क या कायद्याने जात नाही. तो सांगणाऱ्याने रूढी कोर्टात सिद्ध करायची असते. साक्षीदार अजूनही आणावे लागतात.