शंकासमाधान : देवाबरोबर चालणं आणि दिंडीत चालणं

शंका : हनोख देवाबरोबर चालला, असं उत्पत्तीच्या पाचव्या अध्यायात आहे. आमचे पाळक म्हणतात, इथे चालणं म्हणजे वागणं. मग पायी चालण्याला काहीच मोल नाही का? तुकोबांच्या पालखीबरोबर माझे मित्र निमगाव केतकीहून इंदापूरपर्यंत चालतात, मलाही बोलावतात. ख्रिस्ती माणसाने जावं का?
— एक वाचक, इंदापूर

समाधान : बंधू, पाळकांचं म्हणणं खरं, पण ते अर्धंच झालं. हिब्रूतलं ‘हालाख’ हे क्रियापद आधी पायांचं आहे. घरदार सोडून निघ असं अब्राहामाला सांगितलं, निनवेला जा असं योनाला सांगितलं, ते याच क्रियापदाने. वागणुकीचा अर्थ त्यातूनच आला. यहुदी धर्मनियमांना ‘हलाखा’ म्हणतात तेही याच धातूवरून. आपण तरी कुणाचं चालचलन विचारतो तेव्हा पायांकडे कुठे बघतो?

हनोखासाठी आलेलं रूप ‘हितहल्लेख’, म्हणजे सतत चालत-फिरत राहणं. एदेन बागेत देव फिरत होता तिथेही हेच रूप. आणि गंमत बघा, ईयोबाच्या पहिल्या अध्यायात सैतान पृथ्वीवर हिंडून आलो म्हणतो, तेव्हा त्याच्याही तोंडी हेच! तेव्हा नुसत्या चालण्यात पुण्य नाही. सोबत कुणाची, ते बघायचं. हनोख आणि नोहा देवाबरोबर चालले. अब्राहामाला मात्र देवाने आपल्यासमोर चालायला सांगितलं. धनगर मेंढरं पुढे घालून मागून नजर ठेवतो, तसं. हनोखाचं आणखी एक कुणी फारसं सांगत नाही. मथुशलह झाल्यावर ३०० वर्षं तो देवाबरोबर चालला आणि त्याच काळात त्याला मुलंमुली झाल्या. म्हणजे प्रपंच सोडला नव्हता.

आता दिंडीचं. वारकऱ्यांना पाणी द्या, जेवू घाला, पाय चेपा. यात शंका कसली? काटेवाडीत परीट मंडळी पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या घालतात, ती सेवा आपणही शिकण्याजोगी आहे. मित्रांच्या सोबतीने चालायचं असेल तर खुशाल चाला. पादुकांपुढे डोकं टेकवणार नसाल तर तसं त्यांना आधीच सांगा, ऐनवेळी तोंड चुकवू नका. तुळशीची माळ मात्र हौसेने घालू नये. ते व्रत आहे, त्याला पथ्यं आहेत. मनात नसताना घातली तर दोन्हीकडची फसवणूक.

घरात कुणी कुरकुरलं तर रेव्हरंड ना. वा. टिळकांची आठवण द्या. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले टिळक, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं सांगत.

आणि पालखी रविवारी आली, तर उपासना बुडवू नका. इंदापुरात मुक्काम असतोच. मित्रांना संध्याकाळी तळावर जाऊन भेटा.