कुंपण आणि पीक



एका चैत्रात काल्याचे कीर्तन आटोपून मी यजमानांच्या ओसरीवर टेकलो होतो. गावातील एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन आले. म्हणाले, "महाराज, पोरगं डॉक्टरीच्या परीक्षेला बसतंय. पहिल्या नंबरानं यावं असा आशीर्वाद द्या." मुलगा पाया पडला, पण जागचा हलेना. वडील पाणी प्यावयास आत गेले तेव्हा हळूच म्हणाला, "महाराज, माझा मित्रही बसलाय. आम्ही चौथीपासून एका बाकावर. पण आता त्याला कमी मार्क पडावेत असं मनात येतं. हे पाप आहे का?"

आशीर्वाद मागणारे पुष्कळ भेटतात. असा प्रश्न विचारणारा विरळा. मी त्याला काय सांगितले ते शेवटी येईलच. पण तो प्रश्न मला टोचला, कारण त्याचे उत्तर मी चाळीस वर्षांपूर्वीच द्यावयास हवे होते, आणि तेही स्वतःला.

प्रथम शब्दाचा विचार करू. स्पर्धा हा शब्द 'स्पर्ध्' या धातूपासून आला. धातुपाठात त्याचा अर्थ संघर्ष असा दिला आहे, आणि सिद्धान्तकौमुदीकार संघर्षाचा अर्थ करतात, दुसऱ्याला खाली करण्याची इच्छा. म्हणजे वैयाकरणांनी शब्दाची गाठ उकलली तीच मुळी मत्सराच्या दारात! मग स्पर्धा सर्वस्वी त्याज्य म्हणावी काय? तसे नव्हे. पाठशाळेत न्यायशास्त्र शिकताना गुरुजींनी गौतमांच्या सूत्रांतील एक स्थळ समजावून दिले होते, तेथे याचा उलगडा सापडतो.

गौतमांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले: वाद, जल्प आणि वितंडा. वादात दोघांनाही सत्य हवे असते. तो गुरूशी, सहाध्यायाशी, निर्मत्सर जिज्ञासूशी करावा. जल्पात जिंकणे हवे असते, त्यासाठी शब्दच्छलही चालतो. वितंडेत तर स्वतःचे असे काही मांडायचेच नसते. समोरच्याचे पाडले की झाले. आता कोणीही विचारील, मग मुनींनी जल्प आणि वितंडा शिकविल्याच कशाला? त्याला त्यांनी मोठे मार्मिक उत्तर दिले आहे. कोवळ्या अंकुराच्या रक्षणासाठी जशा काटेरी फांद्या भोवती लावतात, तशा या दोन्ही सत्याच्या रक्षणासाठी आहेत.

अहो, आपण शेतकऱ्यांची पोरे. बोरीबाभळीचे कुंपण कोणी पाहिले नाही? कुंपण हवेच. नसेल तर गुरे रात्रीत शेत फस्त करतील. पण कुंपण बांधावर असते. कोणी वावरात बाभूळ पेरून मळणीला बसत नाही. स्पर्धेचे मूल्य एवढेच आहे, आणि एवढे निश्चित आहे.

कुंपणाचा उपयोग आधी पाहू. परीक्षा नसती तर डॉक्टरीची जागा कोणाला मिळाली असती? ज्याचा वशिला त्याला. उत्तरपत्रिका तपासताना पोर कोणाचे हे विचारले जात नाही, म्हणून मजुराच्या मुलीलाही दार उघडते. हे रक्षण थोडे नव्हे.

दुसरे असे की, आपली उणीव आपल्याला घरबसल्या कळत नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत तयार झालेले मल्ल. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये त्यांना गादीवर लढावे लागले. तेथील डाव निराळे, नियम निराळे. ते सहावे आले. पण जगातल्या मल्लांशी हात भिडल्यावर आपले कोठे कमी पडते ते त्यांना उमगले. चार वर्षे कसून मेहनत केली आणि १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे वैयक्तिक खेळातील ते पहिले ऑलिंपिक पदक. घरी हजार जोर काढा, पण आपली पकड किती पक्की हे दुसऱ्याचा हातच सांगतो. असा प्रतिस्पर्धी म्हणजे दक्षिणा न घेणारा गुरूच. आखाड्यात कुस्ती 'जोडतात' असे म्हणतात, हे लक्षात घ्या. शब्द तोडण्याचा नाही, जोडण्याचा आहे.

आता किंमत पाहू. २०२४ साली त्या 'नीट' परीक्षेला देशभरातून २३ लाखांहून अधिक मुले बसली. एम. बी. बी. एस.च्या जागा १ लाखाच्या थोड्या पुढे. त्याच वर्षी पेपर फुटल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ज्याने फुटलेला पेपर विकत घेतला त्याला वैद्यक नको होते, नंबर हवा होता. कुंपण वाढून वावरात शिरले ते असे.

पण दुसऱ्यांची उदाहरणे किती द्यावी? माझेच सांगतो.

मी पंचविशीत होतो. एका मोठ्या सप्ताहात माझे कीर्तन सहाव्या दिवशी होते. पाचव्या दिवशी एका वडीलधाऱ्या कीर्तनकारांचे. पंचक्रोशीत त्यांचा आवाज नावाजलेला. जेथे जावे तेथे लोक माझी त्यांच्याशी तुलना करीत, आणि ती मला खुपत असे. त्या रात्री मी टाळकऱ्यांत उभा होतो. ऐन रंगात असता महाराजांचा आवाज अकस्मात बसला. चाल अर्ध्यावर तुटली. त्यांनी आमच्याकडे पाहिले. कीर्तनकाराचा गळा अडला की टाळकऱ्याने चाल उचलावी, हा आपला धर्म. ती चाल मला येत होती. मी तोंड उघडले नाही. फार तर दोन श्वासांचा वेळ गेला असेल. मग पलीकडच्या एका म्हाताऱ्या माळकऱ्याने चाल उचलली आणि कीर्तन पुढे गेले. कोणाला काही कळले नाही. पण त्या दोन श्वासांत माझ्या मनात जे उमटले ते दुःख नव्हते, सज्जनहो. तो आनंद होता.

दुसऱ्या दिवशी माझे कीर्तन गाजले. बिदागीही चांगली मिळाली. कीर्तनापूर्वी त्यांच्या पाया पडायला वाकलो, तर आपल्या रीतीप्रमाणे तेच माझ्या पाया पडले आणि बसलेल्या आवाजात म्हणाले, "आज तुमचं ऐकायचं म्हणून थांबलोय." मी गप्प राहिलो. पुढे काही वर्षांनी ते निवर्तले. सांगायचे होते ते राहूनच गेले.

तेव्हापासून मी एक खूण धरली आहे. प्रतिस्पर्धी अडखळला की आपल्या मनात काय उमटते ते पाहावे. 'अरेरे, जोड गेली' असे वाटले तर स्पर्धा अजून बांधावर आहे. 'बरे झाले' असे वाटले तर ती वावरात शिरली. काम, क्रोध, लोभ एकट्यालाही होतात. मत्सराला दुसरा माणूस लागतो, आणि तोही पडलेला लागतो. म्हणून तो साऱ्या रिपूंत दरिद्री.

वारीतले रिंगण आपण सर्वांनी पाहिले आहे. स्वाराचा घोडा धावतो, माऊलींचा घोडा धावतो. पताकावाले धावतात, डोक्यावर तुळशी घेतलेल्या बाया धावतात, पखवाजवाले धावतात. सगळे जीव तोडून धावतात, पण पहिला कोण आला हे घरी जाऊन कोणी सांगत नाही. घोडा पुढे गेला की लोक त्याच्या टापांखालची माती कपाळी लावतात. धावण्याची हौस माणसाला देवानेच दिली आहे. पुढे गेलेल्याची माती कपाळी लावता येणे, हे मात्र शिकावे लागते.

कोणी म्हणेल, "महाराज, रिंगणात जागा मोजून दिलेल्या नसतात, कॉलेजात असतात." खरे आहे. विद्या वाटून सरत नाही, जागा सरते. म्हणूनच त्या मुलाच्या मनातला विचार सगळा त्याचा नव्हे. जागा थोड्या, आणि 'शीक' म्हणण्याऐवजी 'पहिला ये' म्हणणारे आम्ही वडील पुष्कळ. वावरात बाभूळ आम्हीच पेरली.

त्या ओसरीवर मी त्याला म्हणालो, "बाळ, मनात आलं ते पाप नाही. वारा येतो तसं ते येतं. पण त्या वाऱ्याबरोबर हात हलू देऊ नकोस. मित्रानं वही मागितली तर काय करतोस?" त्याने मान खाली घातली. म्हणाला, "हरवली म्हणून सांगतो." मी म्हटले, "उद्या सापडली म्हणून सांग. मग परीक्षेत त्याला हरवायचा जोर लाव. जिंकलास तरी त्याच्या घरी जाऊन डोळ्यांत डोळे घालून बसता येईल, आणि हरलास तरी."

तेवढ्यात वडील बाहेर आले. "दिला ना आशीर्वाद, महाराज?" त्यांनी विचारले.

मुलगाच म्हणाला, "दिला."

रामकृष्ण हरि.